गळत नाही, पण कमी होतंय

रविवारी सकाळी आमच्या गाड्यांच्या ग्रुपवर एक फोटो आला. कॉव्हेंट्रीहून बदली होऊन नुकत्याच स्लाऊला आलेल्या एका इंजिनिअरनं जुनी गाडी घेतली होती. त्यानं डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची काडी, पुसून, परत आत घालून, बाहेर काढून तिचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'मिलिंदसर, लेव्हल जरा खाली वाटतेय. टॉप-अप करू का?' मिलिंद किती आजारी आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मी चहा गाळत होते. थोड्या वेळानं मिलिंदच्या नंबरवरून उत्तर आलेलं दिसलं आणि मला क्षणभर बरं वाटलं… आज फोन हातात धरवतोय म्हणजे तब्येत जरा ठीक असावी. उत्तर असं होतं : 'मिलिंद आज पहाटे गेले. सुजाता.' त्याच्या बायकोनं लिहिलेलं, बरोबर त्या फोटोखाली. त्या इंजिनिअरनं ओशाळून लगेच फोटो काढून टाकला. मला ते आवडलं नाही. राहू द्यायला हवा होता. मिलिंदनं तो फोटो आधी बघितला असता आणि बाकीचं मग.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असं म्हणतात. मी लिहिणारच आहे, कारण तो चांगलाच होता. पण आधी सांगून टाकते, की मला त्याचा राग आलेला आहे आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरत नाही. जो माणूस दुसऱ्याच्या गाडीतलं थेंबभर तेल कमी झालं तर झोपायचा नाही, तो पन्नाशीत असा गेला, आणि त्याला वाचवता आलं असतं. डॉक्टरांनीच तसं सांगितलं, फक्त त्यांच्या इंग्लिशमध्ये ते फार सभ्यपणे सांगितलं.

मिलिंद नागपूरचा. ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कंपनीत आम्ही एकाच मजल्यावर होतो. तो गोदामांचं सॉफ्टवेअर लिहायचा आणि मी त्यातल्या चुका काढायचे. मैत्री व्हायला एवढं पुरलं. वयानं जवळजवळ बरोबरीचे, त्यामुळे पहिल्या आठवड्यापासून अरे-तुरे. मी इथं नवीन होते, नवरा अजून पुण्यात होता, आणि मुलीच्या शाळेसाठी गाडी हवीच होती. जाहिरात बघून मी एक निळी हॅचबॅक पसंत केली. कँटीनमध्ये नुसतं बोलले, तर हा म्हणाला, "मी येतो संग. एकटी नको जाऊ."

विकणारा माणूस गोड होता, गाडी धुऊन-पुसून उभी केली होती. मी सीट बघत होते, म्युझिक सिस्टिम बघत होते. मिलिंदनं आल्या आल्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि नुसता उभा राहिला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "गरम आहे. आपण येणार म्हणून यानं आधीच चालवून ठेवली. काहून?" त्या माणसाला त्यानं हसून सांगितलं की आम्ही उद्या सकाळी येतो, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परत येताना मी म्हटलंसुद्धा, अरे, त्याला काय वाटलं असेल. "वाटू दे. तुले गाडी घ्यायची आहे का त्याच्याशी सोयरीक करायची आहे?"

दुसऱ्या दिवशी थंड इंजिन सुरू झाल्यावर मागून जरासा निळसर धूर आला आणि गेला. मिलिंद म्हणाला, नको घेऊस. मी घेतली. रंग आवडला होता, आणि खरं म्हणजे आणखी चार ठिकाणी हिंडायचा कंटाळा आला होता. गाडी दारात आली त्या दिवशी आईनं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर पूजा सांगितली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी पुढे घेतली. मिलिंद फुटपाथवर हाताची घडी घालून उभा होता. तो विहारात जाणारा, असलं काही न मानणारा; पण आईचा कॉल संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग त्यानं चिरडलेली लिंबं उचलून बिनमध्ये टाकली आणि म्हणाला, "झालं? आता बॉनेट उघड."

त्याची रीत ठरलेली होती. गाडी सपाट जागी, रात्रभर उभी राहिलेली. काडी काढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची, परत काढून बघायची. दोन खुणा असतात, त्यातल्या वरच्या खुणेपर्यंत तेल भरायचं, त्या दिवशी गाडी किती मैल चालली आहे ते बघून ठेवायचं, आणि मग दर रविवारी त्याच जागी, तशीच थंड गाडी असताना परत बघायचं. विकणारा तेल भरूनच विकतो, म्हणून पहिल्या दिवशी काडी काय सांगते त्याला अर्थ नाही, असं तो म्हणायचा. महिनाभर चालवल्यावर काय सांगते ते खरं. "आणि स्टिअरिंगमागचा तो लाल दिवा लागायची वाट पाहू नको. तो तेल कमी झाल्याचा नसतो, दाब गेल्याचा असतो. तो लागला म्हणजे आतलं लोखंड घासून राहिलं आहे."

माझ्या निळीचं तेल पहिल्या काही रविवारांतच खाली उतरलं. मिलिंदनं गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरायला लावला. सकाळी पुठ्ठा कोरा. तो गुडघ्यांवर बसून पुठ्ठ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "गळत नाही, पण कमी होतंय. म्हणजे आतच जळून राहिलं." माझा चेहरा पडलेला बघून पुढे म्हणाला, की अशीही गाडी वर्षानुवर्षं चालते, तिला वेळेवर बघणारा माणूस असला म्हणजे झालं. मी बघत गेले. ती गाडी अजून चालते आहे. परवा तिच्यात बसताना मला त्याचाही राग आला.

माझ्यापासून सुरुवात झाली आणि बघता बघता स्लाऊमधल्या मराठी माणसांत जुनी गाडी घेणं म्हणजे मिलिंदला फोन करणं, असं होऊन बसलं. वेम्बलीपर्यंत जायचा. शनिवारी सकाळी कुणाच्या तरी दारात हा बॉनेटमध्ये डोकं घालून. ग्रुप त्यानंच काढला. चिडायचा तो एकाच गोष्टीवर. कुणी म्हणालं की अरे, विकणारा आपल्याच गावचा आहे, खोटं नाही बोलणार, की याचं डोकं फिरे. "मी सांगतो म्हणून पण मानायचं नाही. काडी काढ, आपल्या डोळ्यांनी पाहा."

तो बारीक व्हायला लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. खरंच केलं. पन्नाशी आली की आमच्यातले पुरुष एक तर सायकल घेतात नाही तर गोड सोडतात. मिलिंदनं दोन्ही केलं होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पँट पट्ट्यानं आवळलेली दिसायची. मग जिन्यात थांबायला लागला. ऑफिसमध्ये लिफ्टनं यायला लागला. एकदा माझ्या दारापुढच्या ड्राइव्हवर बॉनेट धरून नुसता उभा राहिला, ओठ पांढरे पडलेले. मी म्हटलं, "जीपीला फोन कर." इथं आधी त्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडूनच जावं लागतं.

"कोण सकाळी आठ वाजता त्या फोनच्या क्यूमध्ये लटकत बसते? आणि देतील काय, पॅरासिटामॉल. डिसेंबरमध्ये नागपूरला जाऊन राहिलो ना मी. तिथं एका सकाळी सगळ्या टेस्ट करून घेतो."

हे वाक्य इथल्या प्रत्येक मराठी घरात बोललं जातं. आम्ही जाताना बॅगांमध्ये चॉकलेटं नेतो आणि अंगात वर्षभराची दुखणी नेतो. दात, चष्मा, गुडघा, छातीत कधीतरी येणारी कळ… सगळं इंडियाला गेल्यावर. तिथं ओळखीचे डॉक्टर असतात, आपल्या भाषेत ओरडतात, संध्याकाळी रिपोर्ट हातात. इथं राहून इथल्या डॉक्टरवर आमचा विश्वास बसलेला नसतो आणि तिथं राहायला आम्ही नसतो. मधल्या महिन्यांत शरीरानं थांबून राहावं अशी आमची अपेक्षा असते.

डिसेंबरमध्ये मिलिंद नागपूरला गेला. तिथं त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्याची सगळी रजा हॉस्पिटलात गेली. आईचे रिपोर्ट आणायला तो रोज खालच्या मजल्यावरच्या लॅबच्या काउंटरवर उभा राहत होता. रोज. त्याच काउंटरवर स्वतःचा दंड पुढे करायला त्याला वेळ झाला नाही. "पुढच्या ट्रिपला," तो परत येऊन म्हणाला. पुढची ट्रिप मुलीच्या, यशूच्या, ए-लेव्हलमुळे, म्हणजे इथल्या बारावीच्या परीक्षेमुळे, पुढे गेली.

ती ट्रिप झालीच नाही. एका सकाळी यशूला त्याचे डोळे पिवळे दिसले आणि तिनं आईलाही न विचारता ॲम्ब्युलन्स बोलावली. आतड्यात सुरू झालेला कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. कित्येक महिने आतल्या आत रक्त जात होतं, डोळ्यांना दिसणार नाही असं. मी वॉर्डात भेटायला गेले तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. आमच्या इथं विमानं फार खालून जातात. त्या खिडकीतून एकामागून एक जाताना दिसत होती. मी काहीतरी उभारी देणारं बोलायला लागले तर त्यानं हातानं थांबवलं.

"मीनल, डोळे पिवळे झाले ना, तो लाल दिवा होता." आणि मग हळू आवाजात, "मले भीती वाटून राहिली." एवढ्या वर्षांत मी त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. मी त्याचा हात धरला. हात गार होता. त्यानंतर तो उन्हाळाभर होता, पण आमचं खरं बोलणं झालं ते तेवढंच.

इथं अंत्यसंस्काराला ठरलेली वेळ मिळते. पांढऱ्या साड्यांवर काळे कोट घालून आम्ही उभे होतो, विहारातल्या मंडळींनी त्रिशरण-पंचशील घेतलं, शवपेटीपुढचा पडदा सरकला, आणि बाजूच्या दारानं बाहेर पडलो तेव्हा पुढचं कुटुंब पुढच्या दाराशी आलेलं होतं. पार्किंगमधल्या निम्म्याहून जास्त गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. सगळे आपापली गाडी सुरू करून निघून गेले.

गेल्या आठवड्यात सुजातानं बोलावलं म्हणून तिच्याकडे गेले. यशूनं दार उघडलं. "मावशी, आईनं बाथरूमचं कपाट रिकामं केलंय सगळं. ती रडत नाहीये. इट्स वर्स," ती म्हणाली आणि वर निघून गेली. सुजाता किचनमध्ये बसली होती. टेबलावर दोन पाकिटं, एकसारखी, न फोडलेली. पन्नाशी झाली की इथं सरकारकडून ती आपोआप घरी येतात, आतड्याच्या तपासणीची. आत एक बोटभर बाटली असते. झाकणाला बारीक काडी. ती काडी शौचाला लावायची, परत बाटलीत घालायची, झाकण बंद करून पोस्टात टाकायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं. जीपी नको, क्यू नको, रजा नको.

"हे यांचं," ती एका पाकिटावर बोट ठेवून म्हणाली. "आलं तेव्हा मी म्हटलं होतं, करून टाका. म्हणाले, नागपूरला सगळं करूनच राहिलो तर हे कशाला? ठेव तिथं."

मी त्या पाकिटाकडे बघत राहिले. अख्ख्या गावाला काडी काढून बघायला लावणारा माणूस… मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही, कारण दुसऱ्या पाकिटावर सुजाताचं नाव होतं.

"हे माझं," ती म्हणाली. "मी पण ठेवलं. ते म्हणाले म्हणून."

"मग आता कर."

"आता? अगं, आता काय…"

"आत्ता. मी बसते इथं."

ती पाकिटं हलवत बसली. मग आपलं उचललं, बाथरूममध्ये गेली आणि कडी लावून घेतली. मी किचनमध्ये बसून राहिले. मग नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं आणि परतीचं पाकीट चिकटवलेलं होतं. आम्ही दोघी चालत कोपऱ्यावरच्या पोस्टबॉक्सपर्यंत गेलो. तिथं तिनं हात अर्धा आत घातला आणि थांबली.

"आणि काही निघालं तर? यशूला आता कोण आहे?"

"निघालं तर लवकर निघालं असेल," मी म्हटलं.

तिनं पाकीट सोडलं. आत पडल्याचा आवाजही झाला नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. रोज दारातून पोस्ट पडली की तिचा मला फोन येतो. "आजही नाही," ती म्हणते. मी "बरं" म्हणते. आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेला फोन हाताशी ठेवते.