इंजिनावर फोडलेला नारळ

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. डिझेल इंजिनाचा नुसता आवाज ऐकून हा माणूस आजार सांगतो, असं लोक म्हणतात. म्हणजे आधी मी म्हणायचो, मग लोक म्हणायला लागले.

त्या उन्हाळ्यात खोडाळ्याच्या एका मालकाचा पाण्याचा टँकर माझ्याकडे आला. विहिरी आटलेल्या पाड्यांना तो पाणी पुरवायचा. गाडी म्हातारी, पण इंजिनाचा सगळा कारभार एका काळ्या डब्याच्या हातात. इंजिन फिरतंय ही बातमी डब्याला पोचवायला बाजूला एक सेन्सर. बातमी थांबली की डब्याला वाटतं इंजिन मेलं, आणि तो डिझेल तोडतो. हे नेमकं चढावर व्हायचं, टँकर काठोकाठ भरलेला असताना. वर पाड्यावर बाया हंडे घेऊन उन्हात ताटकळायच्या आणि शिव्या बसायच्या ड्रायव्हरला.

ड्रायव्हर मोखाड्याकडच्या पाड्यावरचे, पन्नाशी ओलांडलेले, बोलण्यात महाकंजूष. मी त्यांना मामा म्हणायचो. मी स्कॅनर लावला, स्कॅनरने सेन्सरचं नाव घेतलं, मी सेन्सर बदलला. सेन्सरला वायर जोडणारा कपलर फुंकर मारून परत चढवला. गाडी सुरू. विषय संपला!

आता माझी एक रीत. गाडी दुरुस्त झाली की आमच्याकडे नारळ फोडतात, तो चाकापुढे. मला ते कधीच पटलं नाही. चाकाने काय दिवे लावले? दुखणं इंजिनाचं, तर नारळही इंजिनाचा. इंजिन उघडं करायला केबिन पुढे कलंडवलेली असतानाच मी इंजिन उचलायच्या लोखंडी कडीवर नारळ आपटायचो आणि पाणी त्याच्या अंगावर सोडायचो. गिऱ्हाईक हात जोडायचं. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आठवड्याने टँकर परत आला, दुसऱ्या ट्रकने ओढून आणलेला. पुन्हा सेन्सर, पुन्हा फुंकर, पुन्हा गाडी सुरू. मी नारळ उचलला तेव्हा मामा म्हणाले, "मिस्तरी, हिला नारल सोसत नाय. मागं फोडला, मंग बिघडली."

मी इतका हसलो की ठसका लागला. "अहो मामा, सेन्सरचा जमाना आहे! इंजिनावर देवबीव कोपत नसतो." आणि नारळ फोडून पाणी जरा जास्तच ओतलं. तेवढ्यात मालकाचा फोन आला, गाडी पुन्हा का बिघडली म्हणून. आता मी केलेलं काम चुकीचं कसं असेल? म्हटलं, "गाडी ठणठणीत आहे. ड्रायव्हरचा पाय अॅक्सिलरेटरवर जड आहे." जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर लगामही नव्हता.

तिसऱ्यांदा टँकर ओढून आणला तेव्हा मामा किल्ली मुठीत धरून बाकड्यावर बसले. मालकाने बजावलं होतं, चार वाजता येतो, मिस्त्रीने पुन्हा तुझी चूक सांगितली तर किल्ली ठेव आणि घरी जा. घरी जा म्हणजे काय ते मलाही ठाऊक होतं. पावसाळ्यातलं भात सोडलं तर पाड्यावर काम नाही. या वयात वीटभट्टीवर चिखल तुडवायला जायचं. "मी काय नाय केला," एवढंच ते म्हणाले.

मी स्कॅनर गुंडाळून ठेवला. इंजिन कसंबसं सुरू केलं आणि ते चालू ठेवून एकेक वायर हलवत गेलो. कपलरला बोट लागलं आणि इंजिन गपकन बंद. कपलर उघडला. आतल्या पिना हिरव्यागार, पाणी अडवणारं रबर केव्हाच गळून गेलेलं, आणि पिनांच्या मधोमध नारळाच्या शेंडीचा एक केस. दोन्ही वेळा गाडी सुरू झाली ती नव्या सेन्सरमुळे नव्हतीच. कपलर काढून घालताना पिना घासल्या गेल्या होत्या, इतकंच. आणि लगेच मीच त्यांना वरून पाणी पाजलं होतं. लाजेने माझे कान तापले.

मामा मागेच उभे होते. केस त्यांनीही पाहिला. त्यांनी देवाचं नावसुद्धा काढलं नव्हतं हो. जे दिसलं तेवढं सांगितलं होतं. देव मध्ये आणला मी.

चारला मालक आला. "काय निघालं?" सगळं सांगायचं होतं, अगदी शपथेवर. तोंडातून निघालं ते असं, "वायरिंग खराब आहे. मामांची चूक नाही."

"मग पाय जड म्हणालास ते?"

"ते माझं चुकलं." यापुढे जीभ काही रेटेना. मालक कुरकुरत गेला. किल्ली मामांकडे राहिली.

काम आटोपल्यावर सवयीने माझा हात फळीवरच्या नारळाकडे गेला. मामांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या दगडावर फोडला. परत येऊन खोबऱ्याचा मोठा तुकडा माझ्यापुढे धरला. "खा मिस्तरी. तुला सोसंल."

हल्ली माझ्याकडचे सगळे नारळ त्याच दगडावर फुटतात. गिऱ्हाईक विचारतं, एवढ्या लांब का? मी गंभीर चेहरा करून सांगतो, "देवाला डिझेलचा वास चालत नाही." मामा बाकड्यावर असले तर चहा पीत ऐकून घेतात. अजून एकदाही त्यांनी मला खोटं पाडलेलं नाही.