राजवाड्याचं भाडं

गुणाजी मांडवकरांच्या काचेच्या कपाटात तीन कॅसरोल होते. तिन्ही खोक्यांतच, एकावर एक. प्रत्येकावर सोसायटीचं स्टिकर: घरगुती गणेश सजावट, प्रथम क्रमांक. पाहुणे आले की गुणाजी त्यांना मुद्दाम त्या कपाटासमोरच्या खुर्चीत बसवायचे आणि शीला, त्यांची बायको, चहा आणायच्या निमित्ताने आत निघून जायची. सहाशे रुपयांच्या एकेका कॅसरोलसाठी दर वर्षी चाळीस हजारांचं मखर झालं होतं, आणि हे गणित तिला पाहुण्यांसमोर तोंड बंद ठेवून करवत नसे.

डोंबिवलीच्या चाळीत होते तेव्हा गुणाजींचा गणपती कोनाड्यात बसायचा. वागळे इस्टेटमध्ये सुपरवायझर झाले, बाळकुमला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि सोसायटीच्या पहिल्याच सभेत त्यांनी सत्यनारायणाच्या प्रसादाचा सगळा खर्च उचलला. कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर ते सुटलेच. हॉटेलात बिल आलं की यांचा हात आधी. ऑफिसातल्या कोणाचं लग्न असो, यांचं पाकीट सर्वांत जाड. आणि गणपतीला तर विचारू नका. माणूस वाईट नव्हता हो. चारचौघांत "राहू दे, मी देतो" म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड यायचा, तो शीलाला लग्नाच्या वेळी आवडलाही होता.

मग यंदाच्या जानेवारीत शीला मेथी निवडून घेत असताना भाजीवाल्यासमोरच तिचा फोन वाजला. कोणी तरी बाई होती, अतिशय गोड आवाजाची. "मॅडम, गुणाजी मांडवकर आपले कोण? त्यांचे तीन हप्ते थकलेत."

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरले गेले. दोन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन. आकडे मोबाइलवर टिपत होती सान्वी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. सगळे मिळून चार लाखांच्या वर गेले.

"पप्पा, कार्डाचं तुम्ही नुसतं मिनिमम भरत होता?"

"अगं, तेच भरा असं बिलावर लिहिलेलं. मी भरलेलं वेळेवर."

शेवटी खालून निघालं पतपेढीचं पाकीट. शीलाने ते वाचलं. उठून ती पाणी प्यायली. तिच्या आईने दिलेल्या पाटल्या, ज्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत असं ती समजत होती, त्या दोन वर्षांपूर्वीच्या मखरासाठी पतपेढीत तारण पडल्या होत्या. गणपतीच्या आधीच्या शनिवारपर्यंत व्याजासकट बासष्ट हजार भरले नाहीत तर लिलाव. पाटल्या सान्वीच्या लग्नात तिच्या हातात घालायच्या, हे शीलाने ती जन्मली तेव्हाच ठरवलं होतं.

"सोडवणारच होतो मी," गुणाजी म्हणाले.

"कशाने? कॅसरोलने?"

दुसऱ्या दिवसापासून घराची सूत्रं शीलाकडे आली. भाजी चिरायच्या कात्रीने तिने दोन्ही कार्डं कापली. सान्वीने पप्पांच्या फोनमधून पैसे पाठवायची सगळी अ‍ॅप काढून टाकली. पगार झाला की आधी हप्ते, मग किराणा, मग वीज आणि फी. गुणाजींना रोज सकाळी दीडशे रुपये हातात. त्यातच रिक्षा, चहा आणि मोठेपणा, तिघांचं काय ते त्यांनी बघावं. रविवारची बाहेरची जेवणं बंद झाली. शीला पुन्हा शिवणाला बसली, ब्लाउजामागे दोनशे. या सगळ्यातून दर महिन्याला आठ हजार बाजूला पडायचे. ते तिने माळ्यावरच्या मोदकपात्रात ठेवले, कारण वर्षभर त्याला कोणी हात लावत नाही.

ऑगस्ट संपला तेव्हा मोदकपात्रात चौसष्ट हजार होते. आणि मग गणपतीचं सामान काढायला गुणाजी माळ्यावर चढले.

शीलाला कळलं ते पुढच्या सोमवारी, पैसे मोजताना. चव्वेचाळीसच निघाले. स्वतःचाच राग आला तिला. गणपतीचं सामान काढायचं काम यांचं, हे पंचवीस वर्षं माहीत असून आपण पैसे ठेवले कुठे, तर मोदकपात्रात.

"वीस हजार कुठे गेले, अहो?"

गुणाजी पेपरमागून म्हणाले, "रघुला आगाऊ दिलेत. मखराचे. अगं, बाप्पाच्या भांड्यात बाप्पाचेच असणार ना पैसे, मला तेच वाटलेलं."

"तुम्हाला वाटलेलं?"

"सोसायटीत सगळे विचारतात, मांडवकर यंदा काय? काय सांगू त्यांना?"

"सांगा, यंदा बायकोच्या पाटल्यांचा लिलाव आहे. बघायला या."

पेपर खाली आला नाही. पण पुढचा अर्धा तास त्याचं पानही उलटलं नाही.

शनिवारला पाच दिवस होते. मंगळवारी सकाळी शीला डोंबिवलीला गेली. रघु म्हणजे त्यांच्या जुन्या चाळीतलाच. चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो मखरं बनवायचा. शीला पोहोचली तेव्हा तो फोनवर होता. त्याने तिला हातानेच बसायची खूण केली.

"राजवाडा? आहे ना. पाच दिवसांचे नऊ हजार. कल्याणला पोचवायचे वेगळे. गेल्या वर्षी अकराला गेलेला, तुमच्यासाठी नऊ."

शीला बसली नाही. शेडच्या भिंतीला एक राजवाडा टेकून उभा होता. सोनेरी खांब, मधे महिरप, आणि महिरपीला लाल काठ. तो काठ तिने ओळखला. तिच्या साखरपुड्याच्या शालूचा होता. दोन वर्षांपूर्वी "थोडाच लागेल" म्हणून गुणाजींनी तिच्याकडून कापून घेतलेला. राजवाड्यामागे मंदिराचा कळस दिसत होता, त्यापलीकडे कमळ. तीन वर्षांचे तिन्ही प्रथम क्रमांक ओळीने उभे होते.

रघुने फोन ठेवला. "बोला वहिनी. भाऊंचं काम चालू आहे."

"काम नको करूस. यंदा मखर नाही. वीस हजार परत दे."

"असं कसं वहिनी? सामान आणलेलं आहे. आणि भाऊंचे मागचे अठरा बाकी आहेत ते वेगळेच."

म्हणजे कागदांवर नसलेलंही एक कर्ज होतं. शीलाने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. नवऱ्याला मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हटलं. मग डोळे उघडले.

"हा राजवाडा कोणाचा रे?"

"कोणाचा म्हणजे?"

"चाळीस हजार कोणी दिलेले?"

"भाऊंनी. पण विसर्जनानंतर तेच म्हणाले, घरात जागा नाही, घेऊन जा."

"ठेवायला दिलेला ना? की दान केलेला?"

रघु हसला. एकट्यानेच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबला.

"गेल्या वर्षी राजवाडा अकराला गेला, आताच म्हणालास. माझ्या शालूच्या काठासकट. देऊळ यंदा जाईल. कमळ तर दोन वर्षं फिरतंय. माझ्या शालूच्या काठासकट. किती झाले?"

"वहिनी, सगळेच देऊन जातात. फ्लॅटमध्ये कोण ठेवणार? आमचा धंदाच तसा आहे."

"धंदा कर ना. कोण नाही म्हणतंय? तिन्ही ठेव तुझ्याकडे, कायमची. अठरा हजार वळते झाले, आणि आगाऊचे परत. नाहीतर टेम्पो बोलावते, तिन्ही आत्ता घेऊन जाते. कल्याणवाल्याला काय बसवायचं ते बघ."

रघुने राजवाड्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग आतल्या खोलीत गेला. बाहेर आला तो अठरा हजार घेऊन.

"दोन कमी आहेत."

"कापड आणलेलं वहिनी, देवाशप्पथ."

"विसर्जनानंतर घ्यायला येईन. येईनच मी."

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. पैशांचं ऐकताना गुणाजी नुसती मान हलवत होते. पण राजवाडा दुसऱ्यांच्या घरी बसतो हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"कल्याणला?" ते म्हणाले. "नऊ हजारांत?"

शुक्रवारी पतपेढीत बासष्ट हजार भरले. शीलाने पाटल्या पिशवीत ठेवल्या नाहीत, तिथेच हातात घातल्या.

गणपती आला. पाटावर बसला, मागे शीलाचा उरलेला शालू, बाजूला समया. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर स्पर्धेचे परीक्षक आले. सोसायटीतले दोन गृहस्थ, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तरा जोशी, हातात गुणांचं पॅड घेऊन. त्यांनी शालूकडे पाहिलं, मग घरभर नजर फिरवली.

"मांडवकर, यंदा मखर नाही?"

शीला प्रसादाचं ताट घेऊन दारातच थांबली. आता हे म्हणणार पुढच्या वर्षी दुप्पट करतो. पुन्हा कोणाला तरी फोन जाणार. अजून साडेतीन लाख बाकी होते.

गुणाजींनी घसा खाकरला. "नाही. कर्ज झालंय. ते फेडतोय."

उत्तराबाईंनी पेन खाली घेतलं. शीलाला वाटलं, आठ महिन्यांत हा माणूस पहिल्यांदाच खरं बोलला. डोळे भरून यायच्या बेतात होते तिचे.

तेवढ्यात गुणाजींनी खुर्च्या ओढल्या. "बसा ना, सांगतो. पहिलं काय करायचं, कार्डं कापायची. दया दाखवायची नाही. सोनं तारण असेल तर ते आधी सोडवायचं, मग सर्वांत जास्त व्याजाचं फेडायचं. आणि पैसे ठेवायचे मोदकपात्रात. कोणाच्या डोक्यातच येत नाही तिथे बघायचं."

दोन्ही परीक्षक पुढे सरसावून ऐकू लागले. एकाने तर मोदकपात्र केवढं आहे तेही विचारलं. गुणाजींच्या चेहऱ्यावर तोच जुना उजेड आला होता. कर्ज फेडायलासुद्धा या माणसाला प्रेक्षक लागतात, शीला मनात म्हणाली आणि तिने ताट जरा आपटूनच टेबलावर ठेवलं. पाटल्या वाजल्या.

"अरे, तुम्ही नुसते बसलात," गुणाजी म्हणाले. "थांबा, सगळ्यांना कोल्ड्रिंक..." त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिशात दीडशेतले चाळीस उरले होते. त्यांनी शीलाकडे पाहिलं. शीला त्यांच्याकडेच पाहत होती.

"सान्वी," ते म्हणाले, "पाणी आण गं सगळ्यांना. माठातलं."