आजीचा चुडा

अन्याय झाला तो कळस गावच्या एका आजीवर, आणि झाला तो गेल्या वैशाखात, तिच्या नातीच्या हळदीच्या सकाळी, भरल्या मांडवात. इंदापूरहून आलेली कासारीण एकेका बाईचा हात दाबून, वळवून हिरवा चुडा भरत होती. शेजारीण म्हणून माझाही भरून झाला होता. आजीची पाळी आली. कासारणीने तिची वाकडी बोटं पाहिली आणि डझनभर बांगड्या कागदात गुंडाळून पुढे सरकवल्या. "आजे, घरातल्या कुणाकडनं तरी भरून घे."

आजीला फार वर्षांपूर्वी कुष्ठरोग झाला होता. गोळ्यांनी तो बरा झाला, बोटं तेवढी वाकडी राहिली. पुडी घेऊन ती मागे जाऊन बसली. नातीचं लग्न आणि आजीचे हात रिकामे! माझं डोकं फिरलं. आमची संघटना कुष्ठरोगाबद्दल पत्रकं काढते. मी उठून पत्रकच बोलले. आजी बरी झालीय, तिच्यापासून कुणाला काही होत नाही, दवाखान्याने तसं लिहून दिलंय, मग शिवायला तुमचं काय जातं?

"भाषण लई ग्वाड हाय, पोरी," कासारीण म्हणाली. "मग तूच भर की."

बायका खळखळून हसल्या. मला कुठे भरता येत होतं!

बारामतीच्या एक निवृत्त नर्सबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. ख्रिस्ती. त्या काळी आजीच्या जखमा त्यांनीच धुतलेल्या. "बस खाली," त्या मला म्हणाल्या. "आमच्या शुभवर्तमानात एक कुष्ठरोगी येशूकडे येतो. येशूला कळवळा येतो, तो हात पुढे करून त्याला शिवतो. बरा तो नंतर होतो. दवाखान्याचा कागद कुणी मागितला नाही."

मग आजीचा हात मांडीवर घेऊन त्या स्वतःच बांगड्या भरायला लागल्या. पहिली फुटली. दुसरीही.

"अवो सिस्टरबाई!" कासारीण ओरडली. "चुडा भरताय का फोडताय? शुभकार्य हाय हितं! सरका तिकडं."

आणि तिने तो हात आपल्या हातात ओढला. तेल लावलं, बोटं एकमेकांवर दाबून धरली, "ढिला सोड, आजे" म्हणत एकेक बांगडी चढवली. मध्येच थांबली. "दुखतंय का गं?"

"बोटांना कायबी कळत न्हाय, बाय. मनगटाला कळतंय," आजी म्हणाली. "भर तू. दुसरा हातबी हाय मला."

दुपारी आजीने नातीला हळद लावली, तेव्हा साऱ्या मांडवात तिच्याच बांगड्या वाजत होत्या.

मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही; आमच्या घराने आजोबांच्या काळातच धम्म घेतला. पण 'रोग बरा होतो' ही आमच्या पत्रकातली पहिली ओळ मी खाली नेली आणि वर येशूने आधी शिवल्याची ती गोष्ट घातली.

तुमच्याही गावात अशी एक आजी असेल, नाहीतर एखादे आबा. पत्रक नंतर वाचा. आज त्यांच्या दारी जा, आणि बरं वाटतंय का हे विचारायच्या आधी त्यांचा हात हातात घ्या.