चांद्याचा दगड

कुवेतमध्ये तेव्हा युद्ध अजून पेटायचं होतं. जाब्रियाच्या हॉस्पिटलात मी नर्स होते आणि माझ्या वॉर्डात एक म्हातारी इंग्रज बाई होती. तिचे वडील इंग्रजांच्या राज्यात भूगर्भशास्त्रज्ञ, आमच्या चांद्याकडे कोळसा शोधत हिंडलेले. तिथला एक दगड ती उशाशी ठेवायची आणि वडिलांसारखाच जिभेने ओला करून त्याचा रंग बघायची.

“हर साल तंबू में रहते थे, सब बहनें साथ. पापा ने किसी को पीछे नहीं छोड़ा,” ती लहानपणच्या हिंदीत म्हणाली. “तुम्हारी बेटी कहाँ है?”

“चांदा में. मेरी माँ के पास.”

तिने दगड पुन्हा जिभेला लावला. माझा मात्र जळफळाट झाला. माझ्या गावच्या दगडाची चव हिला ठाऊक, आणि माझ्या पोरीला माझ्या हातच्या वरणाची नाही.