उघड्या दाराचं कुलूप

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधड्या पिळल्या. थंडी सरली होती. घरातल्या सगळ्या गोधड्या तिनं अंगणात काढल्या आणि मला म्हणाली, चला फाट्यावर. कालव्याचा फाटा आमच्या रानाला लागूनच आहे, आणि तेव्हा पाणी सुटलेलं होतं. भिजलेली गोधडी एकट्या माणसाला उचलत नाही. ती बडवून धुवायची, मग एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. समोरासमोर उभं राहून दोघांनी आपापल्या उजव्या अंगाला पिळायचं. मी हमखास डाव्या अंगाला पिळणार. म्हणजे तिनं दिलेला पीळ माझ्या हातनं सुटणार.

"आवं, पिळताय का उलगडताय?" ती म्हणाली. "समदा जल्म असाच गेला. मी बांधायचं आन् तुमी सोडायचं."

मी म्हटलं, दुसरा बघायचा होता मग. ती म्हणाली, बघितला होता, त्याला गोधड्या पिळता येत होत्या पण म्हशी न्हवत्या. असं आमचं चालायचं. सांजच्याला सगळ्या गोधड्या वाळल्या, एकच जाड होती ती तेवढी दमट राहिली. ती उद्या परत घालू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला ती गोठ्यामागं गेली. तिथं वाढ्यांचा ढीग होता. उसाचे शेंडे म्हणजे वाढं, जनावरं तेच खातात. ढिगात हात घातला आणि खालनं घोणस निघाली, ती पायाला डसली. ओरडली बिरडली नाही. चालत माझ्याकडं आली आणि म्हणाली, मला जनावर लागलंय, मी बघितलं त्याला, घोणस हाय.

शेजारी माझा पुतण्या राहतो, त्याचा पिकअप आहे. त्यानं लगेच गाडी काढली. आमच्या गावात सरकारी आरोग्य केंद्र आहे, आणि सर्पदंशाची लस तिथं ठेवलेली असते हे सगळ्या गावाला ठाऊक. ऊसवाल्या गावाला ठाऊक असावंच लागतं. दारावर पाटी आहे, चोवीस तास सेवा. मी दुसरी शिकलोय पण पाटी मला वाचता येते. पाटीखाली लोखंडी दार, आणि दाराला कुलूप.

पुतण्यानं दार बडवलं. मी मागं सिस्टरच्या क्वार्टरकडं पळालो. तिथं पण कुलूप. पावसात क्वार्टर गळायला लागली तेव्हापासनं सिस्टर बारामतीहून एसटीनं येऊन जाऊन करतात. डॉक्टर पण बारामतीचेच. सिस्टरला मी शिव्या देणार नाही. गळक्या घरात मी तरी राहिलो असतो का? पण मग सरकारनं पाटी तरी काढायची.

गाडी बारामतीकडं काढली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सणसर मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं, म्हशीची धार कोण काढंल? मी म्हटलं, येऊन मी काढीन. त्याच्यानंतर ती काही बोलली नाही. दवाखान्यात नेली तेव्हा तिथल्या डॉक्टरनं बघितलं आणि मला बाजूला घेतलं. तो पोरगा चांगला होता. त्यानं पहिलं एवढंच विचारलं, बाबा, गावात लस नाही का दिली?

पेपरात चार ओळी आल्या. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे गेले. मला वाटलं संपलं सगळं. मग एक दिवस पुतण्या मोबाईल घेऊन आला. म्हणाला, तात्या, आपल्या गावाचा प्रश्न विधानसभेत लागलाय. लांबच्या जिल्ह्यातल्या कुणी एक बाई आमदार. आमचा त्यांचा काही संबंध नाही, आम्ही त्यांना मत पण दिलेलं नाही. त्यांनी ठिकठिकाणच्या साप चावून गेलेल्या माणसांच्या बातम्या गोळा केल्या होत्या आणि सरकारला विचारलं होतं. पुतण्यानं वाचून दाखवलं. आमच्या गावाचं नाव, मग आरोग्य केंद्र बंद असल्याने एका वृद्ध महिलेला लस न मिळून तिचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास चौकशी केली काय? असल्यास काय कारवाई केली?

मी ते दोनदा वाचायला लावलं. वृद्ध महिला म्हणजे ती. तिनं ऐकलं असतं तर भांडली असती, वृद्ध कुणाला म्हंता म्हणून. पण मला बरं वाटलं. मुंबईत कुणीतरी उभं राहून विचारणार होतं, खरं आहे का? आणि सरकारला सगळ्यांसमोर व्हय म्हणावं लागणार होतं. मला पैसे नको होते. कुणाची नोकरी जावी असंही नव्हतं. त्यांनी व्हय म्हणावं, एवढंच.

प्रश्न लागला की सरकार खाली विचारतं, असं सरपंचानं सांगितलं. तालुक्यावरनं, म्हणजे इंदापूरवरनं, साहेब चौकशीला येणार म्हणून निरोप आला. आता आमच्या गावची रीत अशी, की साहेब कुठलाही असो, कशालाही आलेला असो, त्याचा सत्कार झाल्याशिवाय गाडी गावाबाहेर जात नाही. वायरमनची बदली झाली तर त्याचा पण सत्कार. बचत गटाच्या बायांनी केंद्र धुऊन काढलं, दारात रांगोळी घातली. डॉक्टर सकाळपासनं खुर्चीवर. सिस्टर कडक इस्त्रीत. फ्रिजमध्ये लस दिसत होती, मी स्वतः बघितली.

साहेब आले. आत गेले, फ्रिज उघडला, रजिस्टरं चाळली, चहा घेतला. मी बाहेर बाकावर बसलो होतो, मला कधी हाक मारतात म्हणून. काय काय सांगायचं ते मनात लावून ठेवलं होतं. मग सरपंच शाल नारळ घेऊन माझ्याकडं आला.

"आबा, तुमच्या हस्ते होऊ द्या. तुमच्या घरातलं माणूस गेलंय, मान तुमचा."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हा माणूस इंदापूरवरनं तिच्यासाठी आलाय, असं माझ्या डोक्यात. दारात आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत, तिनंही पाठवलं नसतं. मी शाल घातली, नारळ दिला. एकानं फोटो काढला. साहेबांनी माझा हात हातात धरला आणि वाईट झालं म्हणाले. मी म्हटलं, साहेब, त्या दिवशी... तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी चालू केली. साहेब म्हणाले, हो हो, आलंय सगळं माझ्याकडं. सरपंच म्हणाला, आबा, साहेबांला अजून दोन गावं करायचीत.

गाडी गेली. मी पुतण्याला म्हटलं, मला तर कुणी काही इचारलंच न्हाय. तो म्हणाला, लेखी असतं तात्या त्यांचं सगळं.

प्रश्न ज्या दिवशी होता त्या दिवशी पुतण्यानं माझ्या ओट्यावर मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. शेजारची चार माणसं पण आली. आमचा नंबर येईपर्यंत तिथं काय काय चाललेलं, कुणाचा रस्ता, कुणाचं धरण. एकजण बोलला की पाचजण उठायचे. मला ते बघून बाजार आठवला, पण बाजारात निदान वांगी तरी मिळतात.

मग त्या बाई उभ्या राहिल्या. साधी साडी, आवाज खणखणीत. मंत्री म्हणाले, उत्तर छापून पटलावर ठेवलेलं आहे. पुतण्याकडं ते आलेलं होतं, त्यानं वाचलं. हे खरे नाही. सदर आरोग्य केंद्र चोवीस तास सुरू असते व लस उपलब्ध आहे. खालच्या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर, प्रश्न उद्भवत नाही.

मला कळेना. मी म्हटलं, उद्भवत न्हाय म्हंजे? पुतण्या म्हणाला, म्हंजे असं काही झालंच नाही, मग विचारायचं कशाला.

बाई सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, मंत्री महोदय, मृत महिलेच्या पतीचा जबाब घेतला का? मंत्र्यांनी मागं बसलेल्या माणसाकडं बघितलं. त्यानं चिठ्ठी पुढं केली. मंत्री हसले आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, कुटुंबाची काहीही तक्रार नाही. महिलेच्या पतींनीच चौकशी अधिकाऱ्यांचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार केलेला आहे. फोटो आहे माझ्याकडं."

सभागृहात हशा झाला. बाई काहीतरी बोलत होत्या, ते ऐकू आलं नाही. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न घेतला.

ओट्यावर कुणी हसलं नाही. सरपंच पण बसलेला होता, तो चपला घालून गेला. मी सांगतो, मला रडू नाही आलं. ती गेली तेव्हा आलं होतं, ह्या वेळी नाही. मला एवढा राग कधी आला नव्हता. माझी बायको गेली हे खोटं, कुलूप खोटं, दार बडवून पुतण्याच्या हाताचं सालपट निघालं ते खोटं. आणि मी रीत पाळली ती तेवढी खरी. तिचा फोटो त्यांनी मागितला नाही, माझा घेतला.

पुतण्या म्हणाला, तात्या, सरकार हाय ते, जाऊ द्या. मी म्हटलं, न्हाय जाऊ देणार. ते म्हंत्यात दार उघडं असतं. उघड्या दाराला कुलूप लावता येत न्हाय. मी उद्या लावून बघतो. लागलं न्हाय तर सरकार खरं, मी गपगुमान घरी येतो.

दुसऱ्या दिवशी धार काढली, दूध घातलं आणि उजाडायला केंद्रावर गेलो. खळ्यावरच्या खोलीचं कुलूप बरोबर घेतलं होतं. पाटी होती. दार बंद. त्यांचं कुलूप कडीला होतं, त्याच्याशेजारी माझं लावायला भरपूर जागा निघाली. लावलं. किल्ली बंडीच्या खिशात टाकून पायरीवर बसलो. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. जो तो विचारायचा, आबा, काय झालं? मी म्हणायचो, सरकारचं दार उघडं हाय, राखत बसलोय.

ऊसतोडीचा एक गडी आला, कोयत्यानं अंगठा कापलेला, फडकं रक्तानं भिजलेलं. मी उठलो आणि माझं कुलूप काढलं. म्हटलं, जा बाबा आत. तो दाराकडं बघत राहिला. माझं निघालं होतं, त्यांचं राहिलं होतं. पुतण्याला हाक मारून त्याला गाडीत बसवला आणि बारामतीला लावून दिला. मग माझं कुलूप परत लावलं.

उन्हं वर आली तेव्हा एसटी थांबली आणि सिस्टर उतरल्या. दोन कुलपं बघून जागीच उभ्या राहिल्या.

"आबा, हे कोणी लावलं?"

"मी."

"काढा हो. मला कशाला अडचणीत आणता?"

"तुमच्यावर राग न्हाय माझा. आधी साहेबाला फोन लावा, मग काढतो. आत्ता एक गडी रक्त गाळत परत गेलाय."

माणसं जमली होती, त्यात सरपंच पण होता. सिस्टरनी पर्समधनं मोबाईल काढला, लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडनं साहेबांचा आवाज आला. मी म्हटलं, साहेब, शाल घातली होती तो म्हातारा बोलतोय. त्या दिवशी तुमी मला इचारलं न्हाय, आता मी इचारतो. हितं उजाडल्यापासनं दाराला कुलूप हाय, हे खरं हाय का?

ते म्हणाले, बाबा, तुम्ही ऑफिसला या, बसून बोलू.

मी म्हटलं, व्हय का न्हाय तेवढं सांगा. मी हितंच बसलोय.