आहेरांची लेक

आमच्या मामीइतकं मोठं माहेर उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या बाईला नसेल. इतर बायकांचं माहेर एका गावात असतं, एका घरात असतं, फार तर एखादा भाऊ पुण्याला नोकरीला असतो. मामीचं माहेर गंगापूर रोडवरच्या दुकानांच्या पाट्यांवर असतं, पंचवटीत येणाऱ्या टेम्पोंच्या मागच्या फळीवर असतं, पेपरातल्या निधनवार्तेत असतं आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकावर अगदी खालच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं छापलेल्या शुभेच्छुकांतही असतं. मामी माहेरची आहेर. जिथं जिथं ही तीन अक्षरं दिसतील तिथं तिथं ती थांबते, पदर सारखा करते आणि समोर जो कोणी असेल त्याला सांगते, "मी पण आहेरांचीच."

ती हे सांगत असताना मी कुठं असतो, तर शक्य तितका लांब. मामाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मामीला बाजारात, दवाखान्यात, देवळात नेण्याचं काम माझ्याकडे आलं. "थांबवा गाडी, भाचेबुवा," असं मागून ऐकू आलं की मी दुकानाच्या चार हात पुढं जाऊन ब्रेक लावतो. मग ती दुकानात शिरते आणि मी स्कूटरपाशी हेल्मेट न काढता उभा राहतो. अख्ख्या नाशकात गाडी उभी असतानाही हेल्मेट घालणारा मी एकटाच असेन, आणि ते डोकं वाचवण्यासाठी नाही, तोंड लपवण्यासाठी. आतून तिचा आवाज येत असतो. "कुणीकडचे आहेर तुम्ही? देवळ्याचे का कळवणचे?" दुकानदार बिचारा हातातलं गिऱ्हाईक सोडून आपल्या आजोबांचं नाव आठवत असतो.

एका राखीपौर्णिमेला तिनं एका हार्डवेअरच्या दुकानात राखी नेली होती. मालक पंचविशीतला, हात ग्रीसनं माखलेले, मामीला आधी फक्त दोनदा पाहिलेलं. तो इतका गोंधळला की त्यानं हात पुढे केला तो तसाच, पान्यासकट. मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उसाचा रस प्यायलो. पण पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा त्यानं हात धुऊन ठेवले होते आणि गल्ल्याशेजारी एक ब्लाउजपीस घडी करून ठेवला होता. मामीनं परतताना मला एवढंच ऐकवलं, "रक्त ओळखतं, भाचेबुवा." त्या मुलाचं घराणं चौकशीअंती जळगावकडचं निघालं होतं, ही गोष्ट तिनं मनावर घेतली नाही.

मामीचा गुडघा दुखू लागला तेव्हा ती आमच्या कॉलनीच्या टोकाच्या डॉक्टर आहेरांकडे गेली. ते बालरोगतज्ज्ञ आहेत. भिंतीवर सशांची आणि अस्वलांची चित्रं, बाकावर रडणारी तान्ही पोरं, आणि त्यांच्यामध्ये त्रेसष्ट वर्षांची मामी, नंबर लावून. शेजारच्या बाईनं, बाळ कुठंय, असं विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी गुडघा पाहिला, हाडांच्या एका चांगल्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. पण ते डॉक्टर आहेर नव्हते, त्यामुळे मामी गेली नाही आणि गुडघा अजून दुखतो.

यंत्रांनाही सुटका नाही. शेतीच्या एका प्रदर्शनात द्राक्षबागेत औषध फवारायचा एक ब्लोअर उभा होता आणि त्याच्या पिवळ्याधमक टाकीवर लाल अक्षरांत आहेर असं रंगवलेलं होतं. मामीकडे द्राक्षं सोडा, कुंडीत तुळसही धड नाही. पण ती त्या ब्लोअरभोवती पाव तास फिरली, टाकीवरून हात फिरवला, आणि लेकाचं कौतुक ऐकावं तसं विक्रेत्याकडून तो किती पल्ल्याचा फवारा मारतो ते ऐकून घेतलं. एकदा पिंपळगावकडं गेलो असता आहेरगावची पाटी दिसली आणि गाडी वळवावीच लागली. पारावरच्या म्हाताऱ्यांत एकही आहेर निघाला नाही. मामी नाराज झाली नाही. नळावर जाऊन तिनं बाटली भरून घेतली आणि म्हणाली, "असू दे. पाणी तर माहेरचं आहे."

माझ्या बहिणीच्या लग्नात तर तिनं कहरच केला. पत्रिकेवर रिवाजाप्रमाणं 'कृपया आहेर आणू नये' असं छापलं होतं. मामी ती पत्रिका हातात घेऊन दोन दिवस फुगून बसली. मला बोलवायचं नसेल तर तोंडावर सांगायचं, छापून कशाला आणलं, असं तिचं म्हणणं. ती थट्टा करतेय की खरंच रागावलीय हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. अखेर मामानं पेन घेतलं आणि तिच्या पत्रिकेतली ती ओळ खोडून टाकली, तेव्हा कुठं ती लग्नाला आली.

मामा तिचे असले सगळे हट्ट पुरवतो. त्याचं कारण मला आईनं सांगितलं होतं. तरुणपणी मामा वीजमंडळात वायरमन होता आणि कळवणच्या पुढं एका गावात त्याची नेमणूक होती. तिथं आहेरांच्या वाड्यावस्तीवर तारा ओढता ओढता या दोघांचं जमलं. जात वेगळी. दोघांनी नाशकात येऊन नोंदणीनं लग्न केलं आणि त्याच दिवशी गावाकडं तिच्या वडिलांनी तिच्या नावानं अंघोळ केली. पाठच्या बहिणीचं ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं आणि तिला सटाण्याला एका बिजवराला द्यावं लागलं. त्यानंतर तिकडून कुणी आलं नाही आणि मामीही कधी गेली नाही. हे ठाऊक असूनही ती दुकानात शिरली की मला लाज वाटायचीच. कारण माहीत असलं म्हणून लाज काही कमी होत नाही.

या उन्हाळ्यात आम्ही पंचवटीत भाजी घ्यायला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला एक पिकअप उभी होती, टोमॅटोनं भरलेली. मागच्या फळीवर 'आहेर पाटील' असं रंगवलेलं होतं. मी सवयीनं गाडी लांब उभी केली. मामी पदर सारखा करत पुढं गेली आणि मध्येच थबकली. तिला काही लागलं की काय म्हणून मी धावलो. ती फळीवरची खालची ओळ वाचत होती. तिथं गावाचं नाव होतं. तिचं गाव.

टोमॅटो विकणारा तिशीचा असेल, उंच, सावळा, कपाळावर आठी. मामीनं त्याला विचारलं ते चाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या बोलीत.

"कोना पोऱ्या शे तू?"

तो हसला. आपल्या भागातलं माणूस भेटल्यावर हसतात तसा. त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. ते मामीच्या थोरल्या भावाचं नाव होतं, आईच्या तोंडून मी ते ऐकलेलं होतं. मामीनं पिकअपच्या फळीला धरलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्या किती रे तुला?"

"एकच. सटाण्याला दिलीय."

माझी कानशिलं तापली. आता ती सांगणार, आता रस्त्यात रडारड होणार, गर्दी जमणार, असं मला वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं की तिनं सांगावंच. हार्डवेअरवाल्याला सांगितलं, बालरोगतज्ज्ञांना सांगितलं, लोखंडाच्या ब्लोअरला सांगितलं, मग याला का नाही?

"बरी आहे का ती?" मामीनं विचारलं.

"मजेत आहे. नातवंडांत रमलीय. तुम्ही ओळखता का मावशी तिला?"

मी तोंड उघडलं. मामीनं माझं मनगट घट्ट धरलं, इतकं की तिच्या बांगड्या मला रुतल्या.

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "टमाटे कसे दिले?"

घेतले चांगले दोन पिशव्या. परतताना पुलावर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मागून म्हणाली, "काय सांगू त्याला? ज्या बहिणीपायी तुझ्या बापाला गावात मान वर करता आली नाही, ती मी? लेकरू धंद्याला आलंय, विकू दे त्याला." ती मला इतकी वर्षं अहोजाहो करून चिडवायची. त्या दिवशी म्हणाली, "तूही सांगू नकोस." आणि मला कळलं की आमच्या दोघांत खरी लाजणारी ती होती. माझी लाज पाच मिनिटांची होती, दुकानातून ती बाहेर आली की संपायची.

आता दर आठवड्याला आम्ही त्या पिकअपवर जातो. दोन माणसांच्या घरात इतके टोमॅटो येतात की मामा आमटीत, भाजीत, कोशिंबिरीत टोमॅटो खातो आणि मुकाट्यानं खातो. मी त्याला काही बोललो नाही. पण तो परवा बाजाराच्या दिवशी तिची पिशवी आधीच झटकून दाराशी ठेवत होता, त्यावरून त्याला कळलं असावं.

परवा त्या पोरानं फोन काढला. माल घेऊन कधी येणार ते कळवत जाईन म्हणाला, नंबर घेतला आणि विचारलं, "मावशी, आडनाव काय टाकू?"

मामी क्षणभर त्याच्या कपाळाकडं बघत राहिली.

"खांबेकर," ती म्हणाली. ते मामाचं आडनाव. दाराच्या पाटीवर आहे, पण तिच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. "खांबेकर मावशी टाक."

त्यानं टाकलं. मग टोमॅटोवर एक कोथिंबिरीची जुडी आपल्या मनानं ठेवली, तिचे पैसे नको म्हणाला. मामीनं ती उचलली. पिशवीत भरपूर जागा होती, तरी ती जुडी तिनं पुलावरून, सिग्नलवरून, थेट घरापर्यंत मांडीवर दोन्ही हातांत धरून आणली. मी गाडी हळू चालवली.