आईने जोडलेला कॉल

आईला कमी ऐकू येऊ लागलंय, हे बरेच दिवस आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. ती हसून मान हलवायची आणि आम्हाला वाटायचं, तिला पटलं. मग एकदा मी स्वयंपाकघरातून विचारलं, "भाजी कुठली करू?" तर ती म्हणाली, "उद्या संध्याकाळी." मी आणि माझा नवरा एकमेकांकडे बघत राहिलो.

आईची सगळी नोकरी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक बोर्डावर गेली. परगावचा फोन लावायचा म्हणजे आधी बोर्डावरच्या बाईला सांगायचं आणि तिने तो जोडून दिला की बोलायचं, त्या काळातली गोष्ट. आईचं माहेर कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गीचं, म्हणून कानडी तिला आईच्या दुधाबरोबरच मिळालेली. तेलुगू आणि दखनी उर्दू ती शहरात शिकली. विजापूरची लाईन लागली की तिचं "हेळ्री", म्हणजे "बोला", ऐकून पलीकडच्या बाईला ती तिथलीच वाटायची, असं ती अभिमानाने सांगे. अशा बाईचे कान गेले.

डॉक्टरांनी मशीन दिलं. आठवडाभर लावून तिने ते डबीत घालून कपाटात ठेवलं. कारण विचारलं की म्हणायची, "डोकं उठतं." त्यानंतर घरात ओरडून बोलणं सुरू झालं. ओरडून माणूस किती बोलणार? गोळी घेतलीस का, जेवायला चल, दार लावून घे. आई हळूहळू आपल्या खोलीतच बसू लागली. भजनाला जाणंही तिने बंद केलं.

मी शिकवते त्या शाळेतल्या एका पालकांनी जुन्या रेडिओंच्या संग्रहालयाबद्दल सांगितलं. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत एका गृहस्थांनी दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ते थाटलं होतं. आईला घराबाहेर काढायला काहीतरी निमित्त हवंच होतं. एका रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने गेलो.

ते काका सत्तरीच्या पुढचे, विणकरांच्या घरातले. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. जन्मभर रेडिओदुरुस्ती केली होती. "लोक दुरुस्तीला टाकून जायचे आणि न्यायलाच यायचे नाहीत," ते म्हणाले. "घरात टीव्ही आला की रेडिओ कोण नेतंय? भंगारात घालायला मन होईना माझं. मग जमतच गेलं की."

पहिल्या खोलीत भिंतीभर रेडिओ होते. लाकडी, कोनाड्यातल्या देवघराएवढे, पुढे जाळीचं कापड लावलेले. त्यांनी एक सुरू केला. आतल्या नळ्या तापेपर्यंत काहीच झालं नाही, मग हिरवा दिवा उजळला आणि खरखरीतून कानडी बातम्या वर आल्या. तारेचं यंत्र होतं, चावी दाबली की कट्ट कडकट्ट वाजणारं. काळे जड फोन होते. आई सगळ्यांवरून नजर फिरवत होती, पण पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखी. काका काही सांगायचे आणि ती हसून मान हलवायची.

मागच्या खोलीच्या दारात मात्र ती थबकली. समोर बोर्ड होता. एका बंद पडलेल्या गिरणीच्या ऑफिसातला, छोटा. उभ्या फळीवर भोकांच्या रांगा, खाली दोरीसारख्या वायरी आणि त्यांच्या टोकांना पितळी प्लग.

"आमचा भिंतभर होता," आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती न विचारता बोलली होती.

मी काकांना सांगितलं, आई ट्रंक ऑपरेटर होती आणि आता तिला ऐकू येत नाही. त्यांनी तिला हाताने स्टुलावर बसण्याची खूण केली. "बसा की, अक्का. चालू हाय तो. पोरं येतात शाळेची, लई दंगा करतात, म्हणून आवाज वाढवायचं बटण बसवलंय मी." त्यांनी तिच्या डोक्यावर हेडसेट चढवला, बटण पिळलं आणि मला पुढच्या खोलीतल्या फोनकडे पाठवलं.

मी फोनचा दांडा फिरवला आणि रिसीव्हर कानाला लावला. खट्ट झालं.

"नंबर प्लीज."

तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. सरळ, स्वच्छ, ना कोरडा ना लाडिक. आई एक्स्चेंजवर अशी बोलत असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"आई, मी आहे," मी नेहमीसारखी ओरडले.

"हळू बोल. ऐकू येतंय."

मी हळू बोलले, "खरंच?"

"अगदी शेजारी बसल्यासारखं." मग ती म्हणाली, "दिवाळीच्या आधी तू बाल्कनीत उभी राहून रडत होतीस. काय झालं होतं?"

दिवाळीच्या आधी माझ्या छातीत गाठ लागली होती. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसेबसे काढले. नवऱ्याला आणि पुण्याच्या बहिणीला माहीत होतं. आईला सांगायचं म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं. तो शब्द ओरडून माझ्या तोंडून निघेना. लिहून दाखवावं असं मनात आलं होतं, पण कागदावर तो आणखीच भयंकर दिसला असता. पुढे रिपोर्ट चांगला आला आणि विषय तसाच राहून गेला.

त्या खोलीत, रेडिओंच्या रांगेसमोर भिंतीकडे तोंड करून मी तिला सगळं सांगितलं. हळू आवाजात. मधे ती फक्त "हं" म्हणत होती, लाईन चालू आहे हे कळावं म्हणून म्हणतात तसं.

"मग आता?"

"आता काही नाही. साधी गाठ होती. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही."

मग तो मघाचा आवाज आला, किंचित ओला.

"आपली तीन मिनिटं संपली. कॉल वाढवून देऊ?"

"दे," मी म्हणाले.

आम्ही नंतर काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. बहिणीच्या मुलीचं लग्न, माझी चिडचिड, तिचे गुडघे. मी मागच्या खोलीत गेले तेव्हा आई पदराने डोळे पुसत होती आणि काका गॅलरीत जाऊन उगाच खाली रस्त्याकडे बघत उभे होते.

जिना उतरताना ती आपणहून म्हणाली, "बोर्डावर एका वेळी एक लाईन असायची. ते मशीन लावलं की सगळ्या लायनी एकदम उघडतात. मिक्सर, हॉर्न, पंखा, तुम्ही. कुणाचं ऐकायचं?"

डोकं उठतं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पुढच्या आठवड्यात मी तिला मशीन बसवणाऱ्या बाईंकडे नेलं आणि तिचेच शब्द त्यांना सांगितले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर सांगतायत त्या. कानाला पुन्हा सवय लागायला वेळ लागतो. आवाज कमी ठेवू. आधी बंद खोलीत, एकाच माणसाशी बोला. मग हळूहळू बाहेर." मशीन जुळवून घ्यायला बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या.

तेव्हापासून शाळेतून आले की चहा घेऊन मी तिच्या खोलीत जाते, दार लोटून घेते. काही दिवस ती वैतागायची, मशीन काढून उशीवर ठेवायची. पण पुन्हा लावायची. लग्नकार्यात आजही ती ते पर्समध्येच ठेवते आणि मान हलवते. भजनाला मात्र परत जाऊ लागलीय. टाळ सुरू झाले की आवाज कमी करायचं तिला जमतं.

परवा आई आत जेवायला बसली असताना नवऱ्याने मला बाहेर हळूच विचारलं, "आईंच्या भाजीत मीठ कमी घातलंस ना?"

आतून उत्तर आलं, "घातलंय कमी. कळतंय मला."